तुरीचा भाव, उसाचा रस आणि मैंदर्गीचा शेतकरी

शेतकऱ्याच्या मालाचा भाव पाऊस आणि बाजार हे दोघे ठरवितात, असें आपणांपैकीं बहुतेकांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. पाऊस कमी झाला कीं माल थोडा व भाव चढा. पाऊस चांगला झाला कीं माल मुबलक व भाव उतरता. असा हा साधा हिशेब आहे. परंतु गेल्या दहा वर्षांचा अनुभव पाहिला असतां हा हिशेब अपुरा ठरतो. पाऊस आणि बाजार यांच्या जोडीस एक तिसरी शक्ति येऊन बसली असून, पुष्कळदां तीच पहिल्या दोहोंवर मात करते. ती शक्ति म्हणजे सरकारी हुकूम. अन्न स्वस्त राहावें म्हणून एक खातें हुकूम काढतें. परदेशचें खनिज तेल कमी घ्यावें लागावें म्हणून दुसरें खातें हुकूम काढतें. आणि या दोन खात्यांच्या मध्यें जो मनुष्य उभा आहे, त्यास आधीं विचारण्याची चाल कोणत्याच खात्यांत दिसत नाहीं. तो मनुष्य म्हणजे शेतकरी. आणि त्याच्याशीं देवघेव करणारा व्यापारीहि त्याच कैचींत सांपडतो, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस निराळी सांगावयास नको.

हा विषय दिल्लीच्या किंवा मुंबईच्या अंगानें पुष्कळांनीं लिहिला आहे. आम्ही तो आज मैंदर्गीच्या शिवारांतून पाहूं इच्छितों. अक्कलकोटाहून दुधनीकडे जातांना लागणारें हें नगरपरिषदेचें लहानसें गांव. कर्नाटकाची हद्द येथून जवळच. घरांत कानडी व कचेरींत मराठी असा येथील व्यवहार. जमीन काळी, पाऊस बेभरंवशाचा. जेथें पाणी नाहीं तेथें तूर, ज्वारी, सोयाबीन. जेथें विहीर किंवा बोअर चालते तेथें ऊस. म्हणजे एकाच गांवांत, कित्येकदां एकाच घरांत, कोरडवाहू आणि बागाईत अशा दोन्ही तऱ्हांची शेती नांदते. आणि मौज अशी कीं, एकीचा भाव अन्नखात्याच्या हातीं आहे, तर दुसरीचा इंधनखात्याच्या.

प्रथम तुरीचें पाहूं. तूर हें पांच-सहा महिन्यांचें पीक आहे. मृगाच्या सुमारास पेरणी, आणि पौषाच्या आगेंमागें रास. पेरतांना शेतकरी जो अंदाज बांधतो तो रास होईपर्यंत टिकावा, एवढी तरी अपेक्षा करणें गैर नाहीं. पण प्रत्यक्षांत काय घडतें? २०१५ सालीं तूरडाळ किरकोळ बाजारांत किलोमागें २०० रुपयांच्या घरांत गेली, तेव्हां कडधान्यें अधिक पेरा असा उपदेश चहूंकडून झाला. शेतकऱ्यानें तो मानला. २०१६-१७ च्या हंगामांत पीक इतकें आलें कीं, क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर असतांना खरेदी-केंद्रांबाहेर पोत्यांच्या रांगा लागल्या, आणि अनेकांस तो भाव न मिळतां माल विकावा लागला. ज्यानें उपदेश ऐकला त्याचेंच नुकसान झालें.

त्यानंतरचा क्रम अधिक बोधप्रद आहे. मे २०२१ मध्यें तुरीची आयात खुली झाली आणि ती मोकळीक मुदतीमागून मुदत वाढवीत नेली गेली. जून २०२३ मध्यें घाऊक व्यापाऱ्यानें २०० टनांहून अधिक तूर ठेवूं नये असा हुकूम आला. सप्टेंबरांत तीच मर्यादा ५० टनांवर उतरविली. नोव्हेंबरांत ती पुन्हां २०० वर नेली. जून २०२४ मध्यें साठ्याचा निर्बंध पुन्हां लागू झाला. याउपर २०२५ चा जानेवारी पाहा. नवी तूर नुकती बाजारांत उतरत होती. २० जानेवारीस करमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यांत आली. आणि अवघ्या बारा दिवसांनीं, १ फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकांत, देश कडधान्यांत स्वयंपूर्ण करण्यासाठीं सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली! एका हातानें बियाणें द्यावें आणि दुसऱ्या हातानें दार सताड उघडें ठेवावें, यास धोरण म्हणावें कीं धरसोड म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें. त्या वर्षीं, म्हणजे २०२४-२५ मध्यें, सुमारें १२ लाख टन तूर देशांत आली. आदल्या वर्षीं दहा हजारांच्या वर विकलेली तूर त्या हंगामांत महाराष्ट्राच्या अनेक बाजारपेठांत ७,५५० रुपयांच्या हमीभावाखालीं गेली.

येथें कोणी म्हणेल कीं, साठ्याची मर्यादा व्यापाऱ्यावर असते. तिच्याशीं शेतकऱ्याचा संबंध काय? संबंध उघड आहे. रास निघाली कीं दुधनीच्या पेठेंत दीड-दोन महिन्यांत मालाची रीघ लागते. तो माल उचलून वर्षभर पुरविण्याचें काम ज्यांनीं करावयाचें त्यांस, अधिक घेतलेंत तर गुन्हेगार ठराल, असें बजाविलें म्हणजे ते हात आंखडतात. बोली उतरते. उतरलेल्या बोलीचा तोटा व्यापाऱ्याच्या वहींत पडत नाहीं. तो थेट शेतकऱ्याच्या पट्टींत पडतो. साठेबाजी करून डाळ महाग करणारे लोक नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. पण चोर पकडण्यासाठीं सारी पेठच बंद करणें हा कांहीं शहाणपणाचा बंदोबस्त नव्हे.

आतां उसाकडे वळूं. उसाच्या मळीपासून किंवा रसापासून काढलेला शुद्ध मद्यार्क, ज्यास आज सर्वजण इथेनॉल म्हणतात, तो पेट्रोलांत मिसळण्याचा कार्यक्रम २००३ पासूनचा आहे. परंतु त्यास खरा जोर आला तो २०१८ च्या जैवइंधन धोरणानें. पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट प्रथम २०३० सालचें होतें; तें पुढें पांच वर्षे अलीकडे ओढलें. जून २०२२ मध्यें शेंकडा १० चा टप्पा गांठला, आणि २०२५ मध्यें शेंकडा २० चा. देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक परदेशांतून येत असतां हा उद्योग करूं नये असें कोणीहि सुज्ञ म्हणणार नाहीं. साखर पडून राहिली कीं उसाचें बिल थकतें, हा सोलापूर जिल्ह्याचा जुना रोग. त्यावर इथेनॉल हें औषध आहे, हेंहि आम्हांस मान्य आहे. या आशेनेंच व्याजाच्या सवलतीवर कर्जें काढून ठिकठिकाणच्या कारखान्यांनीं आसवन्या उभारिल्या.

परंतु औषध देणाऱ्या वैद्यानेंच मध्यें पथ्य बदललें. २०२३ च्या ऑगस्टमध्यें पाऊस रुसला, साखर कमी होईल अशी भीति निर्माण झाली, आणि ऐन गाळपाच्या भरांत, ७ डिसेंबर २०२३ रोजीं, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकीं मनाई झाली. ओरड झाल्यावर आठवड्याभरानें, फार तर १७ लाख टन साखरेइतका माल तिकडे वळवावा, अशी सूट मिळाली. पुढें २९ ऑगस्ट २०२४ रोजीं बंधन उठविण्यांत आलें. मधल्या नऊ महिन्यांत आसवनीच्या कर्जाचें व्याज थांबलें नव्हतें. तें व्याज सहकारी कारखान्यांत कोण भरतो? संचालक भरीत नाहींत. तें सभासदाच्या उसाच्या दरांतून जातें.

दरांचें गणित असें कीं, उसाचा रास्त व किफायतशीर दर २०१८-१९ मध्यें क्विंटलला २७५ रुपये होता, तो २०२५-२६ साठीं ३५५ रुपये झाला. साखरेची किमान विक्री-किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्यें किलोस ३१ रुपये ठरविली ती पुढें वर्षानुवर्षे तेथेंच राहिली. आणि रसापासूनच्या इथेनॉलचा लिटरला ६५ रुपये ६१ पैसे हा दर २०२२-२३ पासून २०२४-२५ अखेर हालला नाहीं. कच्चा माल महाग करावयाचा आणि पक्का माल एका खुंटीस बांधून ठेवावयाचा, हा हिशेब जमणार नाहीं असें कारखानदार म्हणतात तें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण त्या सबबीखालीं उसाचें बिल रखडविणें हें सर्वस्वीं अन्यायाचें आहे. १९६६ च्या ऊस-नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास शेंकडा १५ व्याज मिळालें पाहिजे. हा नियम आज साठ वर्षांचा होत आला. त्यांतील व्याज किती शेतकऱ्यांच्या हातीं पडलें, हें आमच्या वाचकांनीं आपल्याच कुळांस व गिऱ्हाइकांस विचारून पाहावें.

सीमेवरच्या गांवास याहून एक जास्त जाच आहे. मैंदर्गीच्या बाजूचा ऊस स्वाभाविकपणें दोन्ही राज्यांच्या कारखान्यांकडे जाऊं शकतो, आणि दोन गिऱ्हाइकें असलीं म्हणजे दर बरा मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें परराज्यांत ऊस नेण्यास बंदी घातली. हेतु एवढाच कीं, येथील कारखान्यांस ऊस पुरावा. शेतकरी-संघटनांनीं विरोध केला तेव्हां थोड्याच दिवसांत बंदी मागें घेतली, हें योग्य झालें. तथापि जो माल शेतकऱ्याच्या घामाचा, त्यास एका गिऱ्हाइकाच्या दावणीस बांधण्याचा विचार सरकारच्या मनांत सहज येऊं शकतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. २०२२ च्या अखेरीस याच अक्कलकोट तालुक्यांतील कांहीं गांवांनीं, रस्ता-पाणी मिळत नाहीं म्हणून, पलीकडच्या राज्यांत जाण्याची भाषा काढली होती. त्या वेळीं तिची चर्चा भाषेचा वाद म्हणून झाली. वस्तुतः ती पोटाची तक्रार होती.

इथेनॉल केवळ उसाचें राहिलेलें नाहीं, हा यापुढचा भाग आहे आणि तो आमच्या मतें सर्वांत कमी समजलेला आहे. रस अपुरा पडूं लागला तेव्हां सरकारनें मक्याकडे व तांदळाकडे मोर्चा वळविला. मक्याची मागणी इतकी वाढली कीं, जो देश मका निर्यात करी तो २०२४ मध्यें आयात करूं लागला. कोंबड्या पाळणाऱ्यांनीं खाद्य महागल्याची ओरड केली. जुलै २०२३ मध्यें सरकारी कोठारांतील तांदूळ आसवन्यांस देणें बंद केलें होतें, तेंच पुढें उलट फिरवून जानेवारी २०२५ मध्यें त्या तांदळाचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर उतरविला. धान्यापासून मद्यार्क काढल्यावर जो चोथा उरतो तो जनावरांचें व कोंबड्यांचें उत्तम खाद्य होतो आणि स्वस्त पडतो. तो बाजारांत आला तशी सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटली. पेंड घसरली तसें सोयाबीन घसरलें. आणि २०२४ च्या हंगामांत ४,८९२ रुपयांचा हमीभाव असतांना सोयाबीन पुष्कळ ठिकाणीं त्याखालीं विकलें गेलें. तेलाची आयात, जगांतील भरघोस पीक हींहि कारणें होतींच. पण चोथा हें एक कारण होतें हें तेलबियांच्या व्यापाऱ्यांनीं स्वतः सांगितलें आहे. पेट्रोलपंपावरील धोरणाचा धक्का असा फिरत फिरत सोयाबीनच्या पोत्यापर्यंत येतो, आणि तें पोतें विकणाऱ्यास तो कोठून आला हें कळतहि नाहीं.

याच्या जोडीस पाणी आणि वीज. सरकारच्याच नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, उसापासून एक लिटर इथेनॉल तयार होण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें असें नमूद आहे. ज्या अक्कलकोट तालुक्यांत कुरनूर धरण भरलें कीं नाहीं यावर गांवांचें पिण्याचें पाणी अवलंबून, तेथें या आंकड्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. ऊस घ्यावा तर पाणी आटतें. न घ्यावा तर दुसऱ्या कोणत्या पिकास खात्रीचें गिऱ्हाईक आहे? म्हणून शेतकरी ऊस लावतो. त्यास पाण्याचा शत्रू म्हणणारांनीं आधीं तुरीस उसाइतकी हमी देऊन पाहावी, आणि मग त्यास दोष द्यावा.

विजेची गोष्टहि अशीच. दक्षिण सोलापुरांत १,३२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र उभें असून त्यास पाणी उजनीचें मिळतें. त्याच जिल्ह्यांतला शेतकरी पाळीची वीज रात्रीं आली म्हणून हातांत बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भयांत, मोटर सुरू करावयास जात आला आहे. २०१७ मध्यें सुरू झालेली व २०२३ मध्यें वाढविलेली सौर कृषिवाहिनी योजना ही दिवसा वीज देण्यासाठींच निघाली, आणि तिचें आम्ही मनापासून स्वागत करतों. २०२४ मध्यें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर झाली, तेंहि संकटांतल्या माणसास बरें वाटणारें आहे. पण आमची भीति अशी कीं, फुकट वस्तूविषयीं तक्रार करण्याचा अधिकार माणूस हळूहळू गमावतो. रात्रीची फुकट वीज हवी कीं दिवसाची भरंवशाची वीज रास्त दरानें हवी, असें शेतकऱ्यास मोकळेपणानें विचारलें, तर उत्तर काय येईल याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. सोलापुरांतल्या गिरणीकामगारानें, विडी वळणाऱ्या बाईनें, हमालानें डाळ २०० रुपये किलोनें घ्यावी काय? मुळींच नाहीं. गरिबाच्या ताटाची काळजी हें सरकारचें पहिलें कर्तव्य आहे. आमचा वाद कर्तव्याशीं नाहीं. त्याचा खर्च कोणावर टाकावा याविषयीं आहे. गरिबास डाळ स्वस्त मिळावी तर सरकारनें बाजारभावानें विकत घ्यावी आणि रास्त भावाच्या दुकानांतून स्वस्तांत द्यावी. तो खर्च साऱ्या देशाच्या तिजोरींतून व्हावा. आज तो मैंदर्गीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशांतून होतो, आणि त्याची नोंद कोणत्याहि अंदाजपत्रकांत सांपडत नाहीं. एका गरिबास दुसऱ्या गरिबाच्या पैशानें जेवूं घालणें यास दानधर्म म्हणत नाहींत.

मग हें सरकारला सांगावें कोणी? महाराष्ट्रास या कामाची परंपरा नवी नाहीं. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८७६-७७ च्या दुष्काळांत, ज्यांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, गांवोगांवची हकीकत जमवून ती सरकारपुढें आंकड्यांनिशीं ठेविली. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचीं कारणें उघडीं केलीं. १९८० च्या सुमारास शरद जोशींनीं चाकणच्या कांद्यापासून आरंभ करून, शेतकऱ्यास दया नको, भाव हवा, हा विचार खेड्यापाड्यांत नेला. आणि अगदीं अलीकडे, उसाचा दर दोन हप्त्यांत देण्याचा महाराष्ट्र सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय, राजू शेट्टी यांच्या याचिकेवरून, मुंबई उच्च न्यायालयानें १७ मार्च २०२५ रोजीं रद्द केला. तात्पर्य, नेटानें व कागदपत्रांनिशीं भांडलें तर दाद लागते.

परंतु या चळवळींत एक मोठी उणीव आहे. ज्याच्यापाशीं पाणी आहे त्याच्यापाशीं ऊस आहे, ज्याच्यापाशीं ऊस आहे त्याच्यापाशीं कारखाना आहे, आणि ज्याच्यापाशीं कारखाना आहे त्याच्यापाशीं आमदार आहे. म्हणून उसाचा प्रश्न विधानसभेंत घुमतो. तुरीला कारखाना नाहीं, सभासद नाहीं, गव्हाणींत उडी मारून गाळप थांबविण्याची सोय नाहीं. रडल्याशिवाय आईसुद्धां दूध पाजत नाहीं म्हणतात. तूरवाल्यास तर रडावयास ओटाहि नाहीं. २०२० च्या कृषिकायद्यांच्या वादांत हें स्पष्ट दिसलें. त्या कायद्यांपैकीं एकानें साठ्याच्या मर्यादेस बराच लगाम घातला होता. उत्तरेकडील गहू-तांदूळ पिकविणारांस आपल्या बाजारसमित्यांची व हमी-खरेदीची चिंता होती आणि ती रास्त होती. त्यांच्या दीर्घ आंदोलनापुढें २०२१ च्या अखेरीस सर्व कायदे रद्द झाले. पण दख्खनच्या कडधान्यवाल्याचें हित त्यांत कोठें होतें, याचा स्वतंत्र विचार देशापुढें कोणी ठामपणें मांडला नाहीं. जो आपलें म्हणणें मांडीत नाहीं, त्याचें भवितव्य दुसऱ्याच्या भांडणांत ठरतें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट आणि भोंवतालचीं गांवें मिळून कोणत्याहि पक्षाची नव्हे अशी एक शेतकरी-व्यापारी सभा व्हावी. तिनें पहिलें काम मोर्च्याचें करूं नये, वहीचें करावें. दर आठवड्यास पेठेंत आलेली आवक, मिळालेला भाव, हमीभावाशीं तफावत, उसाचें बिल किती दिवसांनीं मिळालें, वीज किती तास व केव्हां आली, हें सर्व नोंदून महिन्याकांठीं प्रसिद्ध करावें. आणि तें मराठींत तसेंच कानडींतहि करावें, कारण ज्यांच्याविषयीं तें लिहावयाचें त्यांच्या घरांत तीच भाषा बोलली जाते. या वहीच्या आधारावर तीन मागण्या धराव्या. पहिली, पेरणीपूर्वी जाहीर केलेलें आयातीचें, साठ्याचें व इथेनॉलचें धोरण त्या हंगामाची रास होईपर्यंत बदलूं नये. बदलणें अपरिहार्य झाल्यास शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई त्याच हुकुमांत असावी. दुसरी, हमीभाव जाहीर करणें व खरेदी करणें या दोन गोष्टी एक समजल्या जाव्या, आणि खरेदी-केंद्र रास निघण्याच्या आधीं उघडावें. तिसरी, दिवसा वीज, मग ती सूर्याची असो वा कोळशाची.

व्यापारी-मंडळींस दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. शेतकरी आणि अडत्या हे एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत दोघांसहि महागांत पडली आहे. तोलांत, कटतींत, उचलीच्या व्याजांत जीं पापें पेठेंत होतात तीं पेठेनें आपण होऊन सोडलीं, तरच शेतकरी या सभेंत विश्वासानें बसेल. तें झालें तर साठा-मर्यादेविरुद्ध व्यापारी एकटा बोलल्यास जो नफेखोर ठरतो, तोच शेतकऱ्याच्या शेजारीं उभा राहून बोलल्यास न्याय मागणारा ठरेल.

दिल्लीस स्वस्त अन्न हवें आहे, आणि दिल्लीस स्वदेशी इंधनहि हवें आहे. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत. मात्र दोहोंचा कच्चा माल एकाच शिवारांतून येतो, आणि तें शिवार कसणाऱ्या माणसास पुढील हंगामांत काय होणार याचा भरंवसा हवा आहे. पावसाचा भरंवसा कोणतेंहि सरकार देऊं शकत नाहीं. आपल्या हुकुमाचा भरंवसा देणें मात्र सर्वस्वीं त्याच्या हातीं आहे. तेवढा तरी त्यानें द्यावा.